खारीची वसंतातली भटकंती आणि तिळाएवढी गोचीड

आमच्या कुत्रीचं नाव खारी. चहात बुडवून खायच्या खारीसारखा तिचा रंग, म्हणून मुलीने ठेवलेलं. नाव ठेवताना आमच्या लक्षात आलं नव्हतं की अंगणात खारी दिसल्या की ही खारी त्यांच्या मागे धावणार, आणि मग "खारी, खारींना सोड!" असं ओरडणारी मी शेजाऱ्यांच्या करमणुकीचा विषय होणार.

आम्ही बॉस्टनच्या पश्चिमेला राहतो. इथला वसंत म्हणजे आधी चिखल. मार्च संपताना बर्फ वितळतं, जमीन वरून ओली आणि खाली अजून गोठलेली असते, त्यामुळे पाण्याला जायला जागा नसते. मग एप्रिलमध्ये एका आठवड्यात चित्र पालटतं: फोर्सिथिया पिवळीधमक होते, डबक्यांतून बेडूक ओरडायला लागतात. एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी पेट्रियट्स डेची सुट्टी असते. त्या दिवसांत लेक्सिंग्टन आणि काँकॉर्डच्या बाजूला लोक जुने कोट घालून १७७५ ची लढाई पुन्हा लढतात. बंदुकांचे आवाज खारीला सोसत नाहीत, म्हणून आम्ही तो गोंधळ ओसरला की पुढच्या शनिवारी तिथे जातो. मिनिट मॅन नॅशनल हिस्टॉरिकल पार्कमधली बॅटल रोड ट्रेल साधारण पाच मैलांची आहे आणि पट्टा लावून कुत्र्यांना तिथे परवानगी आहे. (वॉल्डन पाँडला नाही. आम्ही पहिल्या वर्षी तिथून तोंड पाडून परत आलो होतो.)

ही पाच मैलांची वाट आम्ही कधीच पूर्ण करत नाही, कारण खारी चालत नाही, हुंगते. विशेषतः वाटेच्या कडेच्या दगडी बांधांपाशी. एकेका बांधापाशी तीन-तीन मिनिटं नाक खुपसून उभी राहते. पूर्वी मी पट्टा ओढायची. आता ओढत नाही, कारण तिच्या नाकात त्या वेळी काय चाललेलं असतं हे मला वाचून कळलं आहे.

आपण श्वास आणि वास एकाच वाटेने घेतो. हवा आत जाते, वासाच्या पेशींना ओझरती शिवते आणि फुप्फुसात उतरते. कुत्र्याच्या नाकात हवेच्या दोन वाटा होतात. बहुतेक हवा श्वासासाठी खाली जाते आणि साधारण आठवा हिस्सा नाकाच्या मागच्या बाजूला एका वेगळ्या दालनात वळतो. तिथे कागदाच्या गुंडाळीसारखी पातळ हाडं आहेत आणि त्यांच्यावर वास ओळखणाऱ्या पेशींचं अस्तर. आपल्या नाकात अशा पेशी पन्नास-साठ लाख असतात, कुत्र्याच्या नाकात जातीप्रमाणे वीस-तीस कोटींपर्यंत. शिवाय कुत्रा हुंगताना सेकंदाला पाचेक वेळा हवा आत-बाहेर करतो, आणि बाहेर जाणारी हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून मागे सोडतो. पुढचा वास त्यामुळे विस्कटत नाही, उलट तो झोत नवी हवा पुढून ओढून आणायला मदत करतो.

आता यात वसंत मिसळा. थंडीत वासाचे रेणू फारसे उडत नाहीत, आणि गोठलेल्या जमिनीत मातीला वास देणारे जिवाणूही सुस्त पडलेले असतात. माती ऊबदार आणि ओली झाली की चार महिने बंद असलेलं सगळं एकदम उघडतं. बर्फाखाली साठलेल्या लेंड्या, उंदरांच्या वाटा, कोल्ह्याने लावलेल्या खुणा, सगळं एका सकाळी. घरापासून लांब शिकायला गेलेल्या मुलाने घरी आल्या आल्या फोडणीचा वास घ्यावा, तसं काहीतरी खारीला होत असणार. ती बांधापाशी रेंगाळते ते चालण्यात खंड म्हणून नव्हे. तिच्या दृष्टीने फिरायला जाणं म्हणजे तेच.

आणि नेमकं तिथेच, त्या बांधापाशी, तिला गोचीड चावली. निदान मला तरी तसं वाटतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्चअखेर एका सकाळी खारी उठली ती मागच्या डाव्या पायाने लंगडत. खेळताना मुरगळला असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. दोन दिवसांनी तो पाय बरा, पण पुढचा उजवा पाय धरलेला. मग ती जेवेना. भरल्या वाटीकडे पाठ फिरवणारी लॅब्राडोर म्हणजे गंभीर मामला. अंग तापलं होतं. माझी आई तेव्हा मिरजेहून आमच्याकडे आली होती. तिने खारीच्या सांध्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अगं, हा पाय गरम लागतोय. मुरगळलेलं दिसत नाही हे."

आईचं खरं निघालं. डॉक्टरांनी रक्ताचे थेंब घेऊन तिथल्या तिथे तपासणी केली आणि लाइम डिसीज असल्याचं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "गोचिडीची गोळी शेवटची कधी दिलीत?" मी म्हणाले, ऑक्टोबरमध्ये. पाला गळला, थंडी पडली, आता कसल्या गोचिडी, असा हिशोब करून आम्ही महिन्याची गोळी बंद केली होती. थोडे डॉलर वाचवल्याचा आनंदही झाला होता.

हा हिशोब का चुकला हे समजायला गोचिडीचा दिनक्रम माहीत हवा, आणि तो माझ्या लहानपणीच्या गोचिडीचा नाही. मिरजेजवळ आजोळी गाईच्या कानामागे, कासेपाशी वाटाण्यासारख्या फुगलेल्या गोचिडी असायच्या आणि आजोबा त्या काढून रॉकेलच्या डबीत टाकायचे. भारतात कुत्र्यांच्या अंगावर सापडणारी तपकिरी गोचीड घराच्या भिंतींच्या भेगांतही राहते. इथली काळ्या पायांची गोचीड, जिला लोक डिअर टिक म्हणतात, ती जंगलातली. तिला कोरड्या हवेचं भय. आपल्या शरीरातला ओलावा टिकवायला तिला सतत पालापाचोळ्याच्या दमट आसऱ्याला जावं लागतं. न्यू इंग्लंडची थंडी तिला मारत नाही, कारण बर्फ हीच तिची गोधडी. तापमान चारेक अंश सेल्सियसच्या वर गेलं की प्रौढ गोचीड पाचोळ्यातून वर येते, मग तो नोव्हेंबर असो की जानेवारीतली एखादी ऊबदार दुपार. खरं तर ऑक्टोबर-नोव्हेंबर हा प्रौढ गोचिडींचा भर हंगाम. तेव्हा ज्यांना जेवण मिळत नाही त्या हिवाळा काढून मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा उभ्या राहतात. आणि कुत्र्यात लाइमची लक्षणं दिसायला चावल्यापासून दोन ते पाच महिने लागतात. मार्चमधल्या लंगडण्याचं मूळ नोव्हेंबरमध्ये होतं, आम्ही गोळी बंद केल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात.

उभी राहते म्हणजे अक्षरशः उभी राहते. गोचिडीला पंख नाहीत, ती उडी मारत नाही, झाडावरून टपकतही नाही. ती गवताच्या पात्यावर किंवा झुडपाच्या फांदीवर गुडघाभर उंचीपर्यंत चढते, मागच्या पायांनी पातं धरते आणि पुढचे दोन पाय हवेत पसरून थांबते, बस थांबवायला हात दाखवावा तशी. त्या पायांच्या टोकांशी हालर नावाचं ज्ञानेंद्रिय आहे. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाचा वास, ऊब हे सगळं तिला तिथे कळतं. म्हणजे एका बाजूने खारी नाक पुढे करून बांध हुंगतेय आणि दुसऱ्या बाजूने बांधाजवळची गोचीड पाय पुढे करून खारीला हुंगतेय.

पण बांधच का? याचं उत्तर या भागाच्या इतिहासात आहे आणि मला तो भाग फार आवडतो.

न्यू इंग्लंडच्या दाट जंगलात चालताना मध्येच कंबरेएवढा दगडी बांध आडवा येतो. कुठूनही सुरू होतो, कुठेही संपतो. जंगलात बांध कोणी घातले? उत्तर असं की ते घातले तेव्हा तिथे जंगल नव्हतं. हिमनद्यांनी टाकलेल्या दगडगोट्यांनी ही जमीन भरलेली आहे. दर हिवाळ्यात माती गोठते, फुगते आणि खालचे दगड वर ढकलते, म्हणजे दर वसंतात शेतकऱ्याच्या नांगराला नवे दगड. ते वेचून त्याने शेताच्या कडेला रचले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दक्षिण न्यू इंग्लंडचं बहुतेक जंगल तोडून झालं होतं, हरणं जवळजवळ संपली होती. मग शेतकरी पश्चिमेच्या सुपीक जमिनीकडे आणि गिरण्यांकडे गेले, शेतं ओस पडली आणि शंभर वर्षांत झाडं परत आली. मागोमाग हरणं आली. लांडगे मात्र आले नाहीत. त्या नव्या जंगलात आम्ही उपनगरं बांधली. बांध जागच्या जागी राहिले, आणि त्यांच्या फटींत पांढऱ्या पायांच्या उंदरांनी संसार थाटले.

हा उंदीर या गोष्टीतला मुख्य गुन्हेगार. लाइमचा जिवाणू, बोरेलिया बर्गडॉर्फेरी, या उंदरांच्या रक्तात निवांत राहतो आणि उंदराला त्याचा फारसा त्रास होत नाही. गोचीड अंड्यातून बाहेर येते तेव्हा तिच्यात हा जिवाणू नसतो. तिच्या दोन वर्षांच्या आयुष्यात एकूण तीन जेवणं. पहिलं जेवण पहिल्या उन्हाळ्याच्या शेवटी, बहुधा उंदरावर, आणि संसर्ग बऱ्याचदा तिथेच होतो. दुसरं जेवण पुढच्या वर्षी मे-जूनमध्ये, तेव्हा ती खसखशीच्या दाण्याएवढी असते. तिसरं, तिळाएवढी झाल्यावर, शरद ऋतूत किंवा त्यापुढच्या वसंतात, हरणावर नाहीतर आमच्या खारीवर. हरणाच्या नावाने सगळे बोटं मोडतात, पण हरीण गोचिडीला जेवण देतं, जिवाणू देत नाही. नाव डिअर टिक पडलं, करणी उंदराची.

न्यूयॉर्क राज्यातल्या केरी इन्स्टिट्यूटचे रिचर्ड ऑस्टफेल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी तर ही साखळी ओकच्या झाडापर्यंत नेऊन भिडवली. ओकला काही वर्षी फळं बेसुमार लागतात. ज्या शरदात ओक असा लगडतो, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात उंदीर वाढतात, आणि त्याच्याही पुढच्या वर्षी खसखशीएवढ्या बाधित गोचिडी. ओकखाली पाय घसरण्याइतकी फळं पडली की आता मी मनात दोन वर्षं पुढची नोंद करून ठेवते.

आजाराचं नाव कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरून पडलं. पॉली मरी नावाची एक गृहिणी कित्येक वर्षं डॉक्टरांना सांगत होती की तिच्या घरात सगळ्यांचे सांधे सुजतात, पुरळ उठतं. तिला वहमी ठरवलं गेलं. १९७५ मध्ये तिने आणि आणखी एका आईने आरोग्यखात्याकडे लावून धरलं की एवढ्याशा गावात इतक्या मुलांना संधिवात कसा होईल. येलच्या ॲलन स्टीअर यांनी शोध घेतला तेव्हा त्या बायकांचं म्हणणं बरोबर निघालं. जिवाणू मात्र सापडायला १९८१ उजाडलं. विली बर्गडॉर्फर यांना तो गोचिडींच्या आतड्यात सूक्ष्मदर्शकाखाली दिसला, मळसूत्रासारखा पिळदार. नाव मिळालं ते त्यांचंच. जिवाणू काही नवा नव्हता. त्याच्या जनुकांच्या अभ्यासावरून तो उत्तर अमेरिकेच्या जंगलात किमान साठ हजार वर्षं आहे असं दिसतं. नवीन आहोत ते आपण, आपली अंगणं आणि आपली कुत्री. आज अमेरिकेत दर वर्षी साधारण पावणेपाच लाख लोकांवर लाइमचे उपचार होतात असा सरकारी अंदाज आहे.

निदान कळल्यावर आईने निकाल देऊन टाकला: "आता जंगलात न्यायचंच नाही तिला. अंगणात फिरव." माझ्या मनातही तेच होतं. ईशान्येकडच्या बऱ्याच भागांत प्रौढ गोचिडींपैकी जवळजवळ निम्म्या बाधित असतात हे वाचल्यावर कोणाची हिंमत होईल? आठवडाभर खारी फक्त गल्लीतल्या डांबरी रस्त्यावर फिरली. औषधाने तिला तिसऱ्या दिवशी बरं वाटलं होतं, आणि दाराशी बसून ती जे माझ्याकडे बघायची ते बघवत नव्हतं.

मग मी वाचायला बसले, आणि एका गोष्टीने माझं मत बदललं. गोचीड चावली म्हणजे लगेच जिवाणू अंगात गेला असं होत नाही. मध्ये बराच वेळ असतो.

उपाशी गोचिडीत हा जिवाणू तिच्या आतड्यात चिकटून बसलेला असतो. चिकटायला तो अंगावर एक विशिष्ट प्रथिन मिरवतो, त्याला ओस्प-ए म्हणतात. गोचीड चावते ती डासासारखी झटपट नव्हे. ती आधी कातडी कापते, आरीसारखे उलटे काटे असलेली सोंड आत रोवते, भोवती सिमेंटसारखा चिकट पदार्थ सोडून स्वतःला पक्कं करते. तिच्या लाळेत बधिर करणारी, रक्त गोठू न देणारी, सूज दाबणारी रसायनं असतात, म्हणून चावलेलं कळत नाही. मग ती तीन ते सात दिवस जेवत बसते. तिच्या आतड्यात गरम रक्त आलं की जिवाणूला कळतं, ऊब आली, अन्न आलं, निघायची वेळ झाली. तो ओस्प-ए हा जुना वेश उतरवतो, ओस्प-सी हा नवा चढवतो, संख्येने वाढतो, आतड्याची भिंत ओलांडतो आणि लाळग्रंथींपर्यंत पोहोचतो. या सगळ्या प्रवासाला सहसा चोवीस तासांहून जास्त वेळ लागतो, बऱ्याचदा दीड-दोन दिवस.

म्हणजे शनिवारी दुपारी बॅटल रोडवर चिकटलेली गोचीड शनिवारी रात्री काढली, तर जिवाणू बहुधा तिच्या आतड्यातच कपडे बदलत असतो.

कुत्र्यांची लाइमची लसही याच फटीत काम करते, आणि ती मला विज्ञानातल्या सगळ्यात खट्याळ कल्पनांपैकी एक वाटते. ओस्प-एवर बेतलेल्या लशीने कुत्र्याच्या रक्तात ओस्प-एविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. पण कुत्र्याच्या अंगात येईपर्यंत जिवाणूने तो वेश टाकलेला असतो, मग उपयोग काय? उपयोग असा की गोचीड ते रक्त पिते. प्रतिपिंडं तिच्या पोटात जातात आणि तिथे, वेश बदलायच्या आत, जिवाणूला गाठतात. लस टोचली कुत्र्याला, इलाज झाला गोचिडीवर! माणसांसाठीही अशीच लस १९९८ मध्ये आली होती. तिच्याने संधिवात होतो अशी भीती पसरली, ती सिद्ध झाली नाही, पण मागणी घटली आणि २००२ मध्ये कंपनीने ती बाजारातून काढून घेतली. त्यानंतर कित्येक वर्षं आमच्यासारख्या घरांत लस कुत्र्याला आहे आणि मालकाला नाही, अशी स्थिती राहिली.

तर आम्ही पुन्हा जंगलात जायला लागलो, फक्त परतल्यावरचा एक विधी वाढला. दिवाळीच्या पहाटे उटणं लावताना जसा अंगाचा कोपरान् कोपरा चोळतात, तसा खारीचा सोपस्कार. डोळ्यांनी नाही, बोटांनी. दाट केसांत तिळाएवढी वस्तू दिसत नाही, पण बोटाला खडा लागावा तशी लागते. कानाच्या आत आणि मागे, पापण्यांच्या कडा, गळपट्ट्याखाली, पुढच्या पायांच्या काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या, शेपटीचं मूळ. घाई केली की बेचक्या राहतात, आणि गोचिडींना ते ठाऊक असावं.

सापडली तर टोकदार चिमट्याने कातडीला अगदी लागून, तोंडाशी धरायची आणि न पिळता, न हिसकता सरळ वर ओढायची. सोंडेचा तुकडा आत राहिला तरी घाबरायचं कारण नाही, तो काट्यासारखा आपोआप बाहेर पडतो. आईने पहिल्या वेळी रॉकेल शोधलं, मग व्हॅसलीन, मग काडेपेटी. हे उपाय आजोबांच्या गाईला चालले असतील, इथे चालत नाहीत. गुदमरलेली किंवा भाजलेली गोचीड लगेच सुटत नाही, उलट लाळ आत ओकण्याची शक्यता वाढते, आणि आपल्याला वाचवायचा असतो तो वेळ वाया जातो. काढलेली गोचीड आम्ही स्पिरिटच्या छोट्या बाटलीत टाकतो, वर तारीख लिहून.

गोळी आता बाराही महिने. या गोळ्यांतलं औषध कुत्र्याच्या रक्तात राहतं आणि गोचिडीच्या नसांमधलं एक द्वार बंद करतं, ती आकडी येऊन मरते. बहुतेक गोचिडी चोवीस तासांच्या आत मरतात, म्हणजे तोच वेळ इथेही उपयोगी पडतो. मात्र काही थोड्या कुत्र्यांना या वर्गातल्या औषधांनी झटके येऊ शकतात, अशी सूचना एफडीएने २०१८ मध्ये दिली आहे. आधी कधी झटके आलेलं कुत्रं असेल तर डॉक्टरांशी बोलून दुसरा उपाय निवडावा. आणि घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध लांब ठेवा. मांजराला ते जीवघेणं ठरू शकतं.

लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर पाळणाऱ्यांसाठी आणखी एक. बाधा झालेल्या बहुतेक कुत्र्यांना काहीच होत नाही, थोड्यांना खारीसारखं पाय बदलत लंगडणं आणि ताप येतो. पण क्वचित मूत्रपिंडाला सूज येते, या दोन जातींत ते जास्त दिसतं, आणि ते फार वाईट दुखणं आहे. तपासणीत लाइम निघालं की लघवीतल्या प्रथिनांचीही तपासणी मागून घ्या. खारीची ठीक निघाली. महिनाभर डॉक्सिसायक्लिन, चीजमध्ये लपवून. चीज संपलं आणि गोळी ताटलीत उरली, असंही बऱ्याचदा झालं.

आता आपलं. कुत्र्यापासून माणसाला थेट लाइम होत नाही, पण कुत्र्याच्या अंगावरून न चावलेली गोचीड सोफ्यावर उतरू शकते. माणसांना खरा धोका मे ते जुलैमधल्या खसखशीएवढ्या पिल्लांचा, कारण ती दिसतच नाहीत. आम्ही पँट मोज्यांत खोचतो (मुलीला याची प्रचंड लाज वाटते), आणि घरी आल्यावर कपडे धुवायच्या आधी ड्रायरमध्ये दहा मिनिटं कडक तापवतो. कोमट पाण्यात गोचीड पोहून निघते, कोरड्या उष्णतेत टिकत नाही. भरपूर वेळ चिकटलेली, फुगलेली गोचीड निघाली तर बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांना विचारा, काही वेळा डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस देतात. आणि लाल चकत्याची वाट बघत बसू नका. तो सगळ्यांना उठत नाही, आपल्या सावळ्या कातडीवर उठला तरी पुस्तकातल्या चित्रासारखा लालभडक दिसत नाही.

हा एका दिवसाचा अवधी लाइमपुरता आहे हेही सांगायला हवं. पोवासन नावाचा एक दुर्मीळ विषाणू याच गोचिडीतून फार लवकर अंगात जाऊ शकतो. आणि सुट्टीत कोकणात किंवा गोव्यात जाणाऱ्यांनी तिथला माकडताप लक्षात ठेवावा. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. गेल्या दशकात दोडामार्ग आणि सत्तरीकडे काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना तो झाला. तोही गोचिडीचाच, पण गोचीड वेगळी, जंतू वेगळा, आणि हंगाम आपण गावी जातो तोच: जानेवारी ते मे. जवळपास माकड मेल्याचं कानावर आलं तर त्या रानात शिरू नका.

परवा शनिवारी बॅटल रोडवरून आलो. खारीने एका बांधापाशी नेहमीसारखी तीन मिनिटं काढली, मी शेजारी उभी राहून मोकळी वाट बघत राहिले. रात्री मिरजेहून आईचा फोन. तिची सकाळ होती. पहिला प्रश्न, "बघितलंस का तिला? बेचक्या बघितल्यास?"

बघितल्या होत्या. बेचक्यांत काही नव्हतं, उजव्या कानामागे एक होती. तिळाएवढी, पोट अजून सपाट.